दर रविवारी चार फूट

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "काय हो, विमान कसं आहे?" तर हे म्हणतात, "उभं आहे." बस्स, संपलं. माणूस तीस वर्षं विमानं दुरुस्त करतोय, पण त्याच्या तोंडून एक गोष्ट धड पूर्ण बाहेर येईल तर शपथ. कोर्टात काय झालं हे नणंदेने विचारलं तेव्हाही म्हणाले, "मिटलं." म्हणून मग सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी काही चार शब्दांत सांगणारी नाही.

हे बोलत नाहीत, पण लिहितात. सगळं लिहितात. पंख्याला तेल कधी घातलं, नळाचा वॉशर कधी बदलला, सगळ्याची नोंद. लग्न झालं त्याच वर्षी माझ्या शिलाईमशीनच्या पोटाखाली चिठ्ठी चिकटवली होती: पट्टा बदलला, तारीख, खाली सही. मी म्हटलं, "अहो, सही कशाला? घरात आपण दोघंच. पट्टा काय मांजराने बदलला असता?" तर म्हणाले, "काम कुणी केलं ते लिहायलाच लागतं." विमानाच्या कामात असंच असतं म्हणे. एक बोल्ट आवळला तरी वहीत लिहायचं आणि सही ठोकायची. ती सही करायचा हक्क म्हणजेच ह्यांचं लायसन्स. ते ह्यांनी कपाटात नाही, खिशात ठेवलंय, प्लास्टिकच्या पाकिटात, आणि पाकीट जुनं झालं की नवं आणतात. स्वतःला नवा शर्ट घ्यायचा म्हटलं तर दहा वेळा सांगावं लागतं.

आणि मी? माझा स्वभाव संशयी. लपवायचं कशाला? भाजीवाल्याने न मागता मूठभर जास्त टाकलं तर मी घरी येऊन पिशवीच्या तळाशी कुजकं शोधते. आणि सापडतं हो, दहातून सहा वेळा सापडतं. त्या सहा वेळांनीच माझं वाटोळं केलं.

ह्यांची कंपनी परदेशी. तिचं दिवाळं निघालं तेही तिकडे, तिच्या देशात. तिथल्या कोर्टाने कंपनीवर एक प्रशासक बसवला आणि हुकूम काढला की कंपनीची जगात जिथे जिथे म्हणून मालमत्ता असेल ती आता या प्रशासकाच्या ताब्यात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पण त्याच्या चारच दिवस आधी इथल्या इंधनवाल्या कंपनीने इथल्या कोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता. कंपनीचं एक विमान तेव्हा नेमकं आपल्या विमानतळावर होतं. आमची बाकी मिळेपर्यंत ते आहे त्या जागेवरून हलवू नये, परिस्थिती जैसे थे ठेवावी, असा तो हुकूम. तो छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्याला चिकटवला. चिकटवायला आलेल्या बेलिफाला ह्यांनी विचारलंही, "साहेब, देखभालीचं काय करायचं?" तो म्हणाला, "माझं काम चिकटवायचं."

इथल्या ऑफिसातली साठ माणसं एका पत्राने घरी बसली. ह्यांना मात्र प्रशासकाचं वेगळं पत्र आलं. विमान उडण्याच्या स्थितीत राखा, तुमचा पगार चालू राहील. हे आणि ट्रॅक्टर चालवणारे काका, दोघंच कामावर राहिले. पत्र आलं त्या दिवशी हे कधी नव्हे ते दोन वाक्यं बोलले. "पगार चालू आहे हे बाहेर बोलू नकोस. बाकीच्यांना मी कुठल्या तोंडाने भेटू?" मी म्हटलं, नाही बोलणार. नुसता आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू.

आनंद टिकला दोन महिने. मग माझ्या डोक्यात किडा शिरला.

दर रविवारी सकाळी हे दाढी करून, बूट पुसून बाहेर पडायचे आणि दुपारी जेवायला परत. विचारलं तर म्हणायचे, "विमान हलवायचं होतं." आता मला सांगा, जे विमान उडत नाही, ज्यात माणूस बसत नाही, ज्याला हलवू नका म्हणून कागद लावलाय, ते दर रविवारी कोण हलवतं? कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि कपडे धुताना मला काय दिसलं असेल? उजव्या बाहीला पांढरा खडू. पुढच्या रविवारी पुन्हा खडू, आणि गुडघ्यालाही. विमानाचं ग्रीस लागतं, तेल लागतं, काळे डाग मी तीस वर्षं घासतेय. खडू कुठला? खडू शाळेत असतो. आणि शाळेत कोण असतं? मास्तरीण!

हसा, हसा. नणंदही हसली. पण बाईच्या मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली की ती आवाज बंद करत नाही. मी त्यांचे खिसे तपासले. सापडला एक खडूचा तुकडा, कागदात नीट गुंडाळलेला. म्हटलं, बघा, जपून ठेवलाय! रात्ररात्र झोप नाही मला. ह्यांना विचारायचं धाडस होईना, कारण विचारलं आणि हे 'हो' म्हणाले तर? हे खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत.

त्या दिवसांत एक गिऱ्हाईक आलं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच माझं शिवणकाम चालतं. चाळिशीचा माणूस, केस बसवलेले, बोलणं मऊ. पँट दोन बोटं आखूड करायची होती. माप घेताना म्हणाला, "ताई, मी विमानतळावरच असतो. साहेबांना ओळखतो ना मी, फार सरळ माणूस." माझे कान टवकारले. मी म्हटलं, हा बरा सापडला. आणि त्याला काय विचारलं असेन मी? "तिकडे जवळपास शाळा आहे का हो?"

तो गोंधळला. "शाळा? नाही बुवा. का?"

आता शहाणी बाई इथे गप्प बसली असती. मी नाही बसले. मास्तरणीचं बोलायची लाज वाटली, म्हणून भलत्याच टोकाने सुरुवात केली. "दर रविवारी जातात हो. म्हणे विमान हलवतात. आणि वर, बाहेर बोलू नकोस म्हणतात." ते पगाराबद्दल म्हणाले होते, रविवारबद्दल नव्हे. पण माझ्या डोक्यात तोवर सगळ्याची एकच चटणी झाली होती.

"असं म्हणतात? बाहेर बोलू नकोस?" त्याने दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हटलं. पँट गुरुवारी न्यायला येतो म्हणाला. आला नाही.

मी मात्र त्या रविवारी ह्यांच्या मागोमाग पुढची बस पकडून विमानतळाच्या मागच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. पहारेकऱ्याने आत फोन केला, तसे हे धावत आले. चेहरा पांढराफटक. घरी काही झालं का, हेच पहिलं विचारलं. मी म्हटलं, "मला बघायचंय." कशाला, काय, काही न विचारता ह्यांनी पास लिहून घेतला आणि मला आत नेलं.

कोपऱ्यात विमान उभं होतं. जवळून एवढं मोठं असतं मला माहीतच नव्हतं. इंजिनांची तोंडं लाल कापडाने बांधलेली, खिडक्यांना आतून चंदेरी पत्रे. पुढे ट्रॅक्टर जोडलेला, त्यावर काका. हे शिडीने वर गेले, ब्रेक सोडला, काकांनी ट्रॅक्टर इतका हळू चालवला की चाक फिरतंय का नाही ते कळेना. चार फूट गेलं आणि थांबलं. मग हे खाली आले, गुडघ्यावर बसले, खिशातून खडू काढला आणि जिथे टायर जमिनीला टेकला होता तिथे टायरवर एक रेघ मारली. एकेका चाकावर, सगळ्या चाकांवर. मग वही काढून लिहिलं आणि सही केली.

"हे काय?" मी विचारलं.

"चाळीस टनांचा बोजा आहे. टायर एकाच जागी टेकून राहिला तर तिथे चपटा होतो. माणूस एका कुशीवर पडून राहिला की अंग धरतं, तसं. दर आठवड्याला टेकायची जागा बदलायची. रेघ कुठे होती त्यावरून फिरला की नाही कळतं."

"आणि मास्तरीण?"

"कुठली मास्तरीण?"

सांगितलं मी सगळं. रडत सांगितलं. हे आधी नुसते बघत राहिले, आणि मग त्या चाकाला पाठ टेकवून असे हसले, असे हसले की काका ट्रॅक्टरवरून उतरून आले. मला इतकं हलकं वाटलं की पँटवाल्या गिऱ्हाइकाचं सांगायचं डोक्यातच आलं नाही. किंवा आलं आणि मी दाबलं. आता खरं काय ते मलाही सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी नोटीस आली.

इंधनवाल्या कंपनीने कोर्टात अर्ज केला होता. ह्यांनी मनाई हुकूम जाणूनबुजून मोडला, कोर्टाचा अवमान केला. कैद व्हावी आणि ह्यांचं लायसन्स जमा करून घ्यावं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कैदेचं नंतर, आधी लायसन्स. सही करता येत नाही असा मेकॅनिक म्हणजे काय, हमाल. छप्पन्न वर्षांचा माणूस तो, दुसरं काही येत नाही, दुसरं काही आवडतही नाही. हे जेवले, हात धुतले, नोटिशीचं जाड पाकीट ऑफिसच्या बॅगेत घातलं आणि बॅगेला कुलूप लावलं.

"मला वाचू द्या."

"कायद्याची भाषा आहे. तुला काय कळायचंय."

ऐकलंत? तीस वर्षांत कधी मला असं बोलले नव्हते. म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. पण माझा संशय भलतीकडे पळाला. रविवारचं बाहेर गेलं कसं? माहीत होतं कुणाला? पहारेकऱ्याला आणि काकांना! पहारेकरी इंधनवाल्यांच्या गाड्यांना सलाम ठोकताना मी स्वतः पाहिला होता. आणि काका, त्यांच्या घरी नुकताच नवा फ्रिज आलेला. मी सरळ त्यांच्या घरी गेले आणि दारातच विचारलं, "फ्रिज कितीला पडला, आणि कुणाच्या पैशाने?" काकू आतून आल्या होत्या, चहाचा कप हातात घेऊन, माझ्यासाठी. तो कप तसाच घेऊन आत गेल्या. काका म्हणाले, "वहिनी, जावयाने दिला." मी तोंड फिरवून निघून आले. जावई म्हणे! मला काय, ताकास तूर लागू न देणारी माणसं ओळखता येत नाहीत?

ह्यांना कळलं तेव्हा एवढंच म्हणाले, "कुणावर संशय घेऊ नकोस." मी म्हटलं, "तुम्ही घेत नाही म्हणूनच ही वेळ आली." हे ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घास घ्यायला वेळ लागला. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

प्रशासकाने ह्यांच्यासाठी वकील दिली. तरुण पोरगी, चष्मा मोठा, बॅग त्याहून मोठी. ती मला एकदा समजावून सांगत होती की आता दोन्ही कोर्टं मिळून सुनावणी घेणार आहेत. इथले न्यायाधीश इथे, तिकडचे पडद्यावर.

मी विचारलं, "तिकडच्यांचा इथे काय संबंध?"

"काकू, कंपनी त्यांच्याकडे, विमान आपल्याकडे. एकमेकांविरुद्ध हुकूम काढत बसले तर विमान इथेच गंजेल आणि कुणालाच काही मिळणार नाही. म्हणून दोघं एकमेकांच्या हुकमाचा मान राखतात. सक्ती नसते, पण राखतात."

"सक्ती नाही तर का राखतात?"

"उद्या आपला हुकूम त्यांच्याकडे घेऊन जायची वेळ आली तर त्यांनीही राखावा म्हणून."

"मग मान कशाला म्हणता? देवाणघेवाण म्हणा." ती हसली. मला काही हसू आलं नाही. विहिणी-विहिणी एकमेकींना फार मान द्यायला लागल्या की मधे कुणीतरी भरडलं जाणार हे मी आमच्याच घरात दोनदा पाहिलंय.

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. कोर्टाची खोली लांबट, खिडक्या उंचावर. एका लोखंडी कपाटावर मोठा पडदा ठेवलेला, त्याच्या वायरी जमिनीवर पट्टीने चिकटवलेल्या, तरी येणारा जाणारा अडखळत होताच. पडद्यावर पिकल्या केसांचे एक गृहस्थ, समोर कप. तिकडे सकाळ होती. आपले न्यायाधीश बारीक, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दोघांनी आधी एकमेकांची विचारपूस केली. पडद्यावरचे म्हणाले, "हे आपलं न्यायालय आहे, मी पाहुणा." आपले म्हणाले, "कंपनीचं प्रकरण आपलं आहे, मी मदतनीस." दुभाषी दोन्हीकडे बोलून बोलून घामाघूम. मी मनात म्हटलं, आतून ठरलंय सगळं.

इंधनवाल्यांचा वकील उठला. आवाज असा की पंखे थांबावेत. म्हणाला, परदेशी प्रशासकाच्या माणसाने इथल्या कोर्टाचा हुकूम एकदा नाही, एकतीस वेळा मोडला. वहीत स्वतः लिहिलंय: हलवले, चार फूट. एकतीस गुणिले चार, एकशे चोवीस फूट. विमान हळूहळू धावपट्टीकडे सरकवायचा हा डाव! जे आपल्या कोर्टाला जुमानत नाहीत त्यांच्या कोर्टाचा मान आपण का ठेवावा? विमान आम्हाला विकू द्या.

न्यायाधीशांनी ह्यांना उभं केलं. "मनाई हुकूम माहीत होता?"

"हो साहेब. चाकाच्या दांड्यालाच लावलाय. दर रविवारी दिसतो."

"मग हलवलंत का?"

"साहेब, त्यात जैसे थे म्हटलंय. जागेवर ठेवलं असतं तर जैसे थे राहिलं नसतं. चार महिन्यांत टायर बाद झाले असते."

"आणि एकशे चोवीस फूट?"

हे चकित झाले. "एका रविवारी पुढे, पुढच्या रविवारी मागे. तसंच करतात."

"वहीत पुढे-मागे लिहिलेलं नाही."

"तसं कुणी लिहीत नाही साहेब. सगळ्यांना माहीत असतं."

मी कपाळावर हात मारला. शिलाईमशीनचा पट्टा बदलला तरी सही करणारा माणूस, आणि ही एवढी गोष्ट लिहायची राहिली! पण नशीब, आदल्या दिवशी कोर्टाचा माणूस टेप घेऊन मोजून आला होता. विमान मूळ खुणेपासून बरोबर चार फूट पुढे होतं. पडद्यावरच्यांनीच बोटं मोजली. एकतीस विषम आहे म्हणाले, म्हणजे एक फेरी पुढे राहणारच. खोलीत थोडी कुजबूज झाली. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच तो वकील पुन्हा उठला.

"मान्य. पण उघड काम होतं तर लपवाछपवी कशासाठी? यांच्या घरच्याच व्यक्तीने आमच्या चौकशी अधिकाऱ्याला सांगितलंय. दर रविवारी जातात, विमान हलवतात, आणि बाहेर बोलू नकोस म्हणतात."

घरचीच व्यक्ती! माझ्या मनात आधी कोण आलं असेल? नणंद. खरं सांगते, तिचाच राग आला. आणि मग वकिलाच्या मागच्या खुर्चीत मला तो दिसला. बसवलेले केस. पँट आखूड करायला आलेला.

काय झालं मला ते सांगता येत नाही. मीच. पहारेकरी नाही, काका नाही, नणंद नाही. माझ्याच तोंडाने.

न्यायाधीशांनी ह्यांना विचारलं, "असं म्हणाला होतात?" आणि हे गप्प. हे खाली बघत होते, आणि आमची वकील मुलगी त्यांच्याकडे बघत होती, बोला म्हणून. पडद्यावरचे गृहस्थ पुढे वाकून हळू बोलले. दुभाष्याने सांगितलं: "माझ्या प्रशासकाच्या माणसाने आपला हुकूम फसवून मोडला असेल तर मी त्याची बाजू घेणार नाही. आपण योग्य ती शिक्षा द्यावी. आपल्या न्यायालयाचा मान आधी."

झालं! दोघांचा मान राहिला आणि मधल्या मधे माझ्या नवऱ्याचा बळी. आपले न्यायाधीश लिहायला लागले. मी उठले.

"अहो साहेब, थांबा! ती मी आहे!"

शिपाई धावला, वकील ओरडला, न्यायाधीश म्हणाले खाली बसा. मी बसले नाही. "सांगणारी मी आहे. मलाच विचारा ना. ह्यांना काय विचारता, हे जन्मात बोलणार नाहीत." शेवटी न्यायाधीशांनी पडद्याकडे पाहिलं, पडद्यावरच्यांनी मान हलवली, आणि मला पिंजऱ्यात उभं करून शपथ दिली.

मी सांगितलं. बाहेर बोलू नकोस हे पगाराबद्दल होतं, साठ माणसं घरी बसली म्हणून ह्यांना लाज वाटत होती. रविवारचं ह्यांनी कधीच लपवलं नाही, मी विचारलं की दर वेळी सांगितलं. त्या माणसासमोर मी दोन्ही एकत्र केलं.

"का केलंत?" वकील गुरगुरला. "कुठली बाई परक्या माणसाला नवऱ्याबद्दल असं सांगते?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. काका पहिल्या रांगेत होते, साक्षीला बोलावलेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं ह्यांचं बाहेर कुणीतरी आहे. बाहीला खडू लागलेला होता. मला वाटलं, शाळेतली मास्तरीण आहे."

आधी शिपाई हसला. मग बाकं हसली. दुभाष्याला वाक्य दोनदा तोडावं लागलं, आणि मग पडद्यावरचे न्यायाधीशही हसले, तोंडावर हात धरून. तो खडू कसला ते मी सांगितलं, टायरवरच्या रेघांचंही सांगितलं. फक्त हे हसत नव्हते. मान वर करून माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण आवाज माझा कापला नाही, एवढं मी स्वतःबद्दल सांगेन.

अर्ध्या तासाने निकाल. अवमान झालेला नाही. वस्तू आहे तशी राखण्यासाठी जे करावं लागतं ते मनाईत येत नाही. विमान प्रशासकाच्या ताब्यात राहील, पण तिकडच्या कोर्टात इंधनवाल्यांचं म्हणणं ऐकून होईपर्यंत इथून जाणार नाही, आणि पडद्यावरच्यांनी तसा शब्द दिला. यापुढे वहीत पुढे का मागे ते लिहावं आणि दर महिन्याला नक्कल दोन्ही कोर्टांना द्यावी. लायसन्सचं नावही निघालं नाही.

बाहेर व्हरांड्यात वकील मुलगी बॅग भरत होती. म्हणाली, "काकू, हेच मी पाच आठवडे तुमच्या मिस्टरांना सांगत होते. तुम्हाला साक्षीला उभं करा, केस तिथेच संपते. ऐकेचनात."

"पाच आठवडे? तुम्हाला माहीत होतं?"

"त्या चौकशी अधिकाऱ्याचं निवेदन नोटिशीलाच जोडलेलं होतं ना. तुमच्या नावासकट." ती गेली.

हे बाकावर बसले होते, बॅग मांडीवर. मी शेजारी बसले. काका समोरून आले, थांबले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता पुढे गेले. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या दारात मला आता जावं लागणार होतं, आणि चहा मागायचं तोंड मला उरलेलं नव्हतं.

"पहिल्या दिवशीच वाचलंत?" मी विचारलं.

"हो."

"आणि मी जगाला चोर म्हणत फिरत होते, ते ऐकत राहिलात? लायसन्स गेलं असतं. तुरुंगात गेला असतात! एकदा तरी ओरडायचं होतंत माझ्यावर. सांगायचं होतं, बाई, तूच आहेस ती."

हे बराच वेळ बॅगेच्या कुलपाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "तू सगळ्यांवर संशय घेतेस, पण रात्री जेवून झोपतेस. स्वतःवर घेतला असतास तर जेवली नसतीस."

त्या रात्री मी जेवले नाही. हे माझ्यासमोर ताट घेऊन तसेच बसून राहिले.